थांबवकील

त्यांना "जेवलात का?" असं विचारलं तरी ते लगेच उत्तर देत नसत. डोळे मिटायचे, सुपारी या गालातून त्या गालात न्यायचे, आणि मग कुठल्या तरी लांबच्या गावाहून परतल्यासारखे म्हणायचे, "हो. जेवलो. अळूची भाजी होती." तोवर विचारणारा ओसरीच्या पायऱ्या उतरून गेलेला असायचा. मी पडलो कल्याणचा. सकाळची गाडी गाठून ठाण्याच्या कोर्टात यायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचं, हा माझा खाक्या. असला संथपणा मला मानवण्यासारखा नव्हता. पहिल्या भेटीत वाटलं, या गृहस्थांना कमी ऐकू येतं. दुसऱ्या भेटीत वाटलं, ऐकू चांगलं येतं, समजतं कमी. पुढे वर्षानुवर्षं आम्ही एका बाकावर बसलो. आज त्या कोर्टाची आठवण काढली की जज्जसाहेब, शिरस्तेदार, पट्टेवाले सगळे धुक्यात जातात आणि मिटल्या डोळ्यांचा हा एक वकील तेवढा समोर बसलेला दिसतो.

ते नौपाड्यात राहत. माझ्याहून वयानं बरेच मोठे, अंगानं किडकिडीत, पागोटं डोक्यावर कमी आणि मांडीवर जास्त. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या आळीनं ते नाव पुढे पुष्कळ वर्षं टाकलं होतं, आणि मलाही ते चारचौघांत घ्यायची सवय राहिली नाही. तुरुंगातल्या कैद्यांनी त्यांना ठेवलेलं नाव मला अधिक आवडतं. ते त्यांना थांबवकील म्हणत.

त्याचं कारण असं. सेशन कोर्टात खटला निघाला की पहिलं काम म्हणजे आरोप वाचून दाखवायचा. कैद्याला तुरुंगातून बेड्यांसकट आणून पिंजऱ्यात उभं करत. शिरस्तेदार आरोप मराठीत वाचत आणि साहेबाच्या वतीनं विचारत, "गुन्हा कबूल आहे, की चौकशी मागतोस?" एवढाच प्रश्न. 'कबूल' म्हटलं की साक्षीदार नकोत, पुरावा नको, साहेब तेवढं लिहून घेऊन शिक्षा सांगायला मोकळा. 'चौकशी मागतो' म्हटलं तर खटला चालायचा. आम्ही बाकीचे वकील या प्रश्नाकडे जेवणाआधीच्या चित्राहुतीइतकंही लक्ष देत नसू. यांचा मात्र सगळा जीव त्या एका प्रश्नात. ते म्हणत, "पुढचं सगळं तुम्ही करा. माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो ना, तेवढं माझं."

"पण अहो," मी वाद घालायचो, "कबूल म्हटलं तर पुष्कळदा साहेब दया करतो, शिक्षा हलकी होते. आणि ज्यानं खरंच चोरी केली त्यानं चौकशी मागायची हा खोटेपणा नाही का?"

मग थांबणं. सुपारी. खिडकीबाहेर खाडीला भरती लागलेली असायची, तिच्याकडे बघणं.

"खोटेपणा कसा? 'मी केलं नाही' असं कुठे म्हणतोय तो? तो म्हणतोय, नीट बघा आणि मग सांगा. गाय विकत घेतानासुद्धा माणूस एवढं बघतो हो."

ठाण्याचा तुरुंग खाडीकाठच्या जुन्या किल्ल्यात. गाडीतून उतरून मी त्यांना शोधायला निघालो की ते बहुतेक त्या तटाच्या कडेला एखाद्या दगडावर बसलेले सापडायचे. खाडीवर धुकं असायचं, पलीकडे मिठागरांतल्या मिठाच्या राशी हळूहळू उजळत जायच्या, बगळे चिखलात पाय रोवून उभे असायचे. हे तिकडे असे पाहायचे की आपल्याला आत जायचं आहे, आज एका माणसाचा खटला आहे, हे त्यांच्या गावीही नसावं. मी हाक मारली की म्हणायचे, "आलो. जरा पाणी वळू दे." भरती-ओहोटीच्या मधे खाडी जशी क्षणभर कुठेच जात नाही, ती वेळ त्यांना फार प्रिय होती.

आत गेल्यावर "तू केलंस का?" हे ते कधीच विचारत नसत. कैद्याला विचारायचे, "काल स्वप्न काय पडलं?" पहारेकरी तोंड फिरवून हसायचे. कैदी आधी गोंधळायचा, मग सांगायचा: आपण घरी गेलोय आणि दार सापडत नाही, बैल ओळख देत नाही, असलं काहीतरी. मग हे विचारायचे, घराचं दार कुठल्या दिशेला? दारात झाड कसलं? त्याला आंबे गोड की आंबट? बोलता बोलता त्या माणसाचा आवाज बदलायचा. तुरुंगात त्याला जुन्या कैद्यांनी पढवलेलं असायचं, शिपायांनी दम दिलेला असायचा, "कबूल म्हण, लवकर सुटशील." काही आठवडे आत काढले की माणूस तेच बोलायला लागतो. झाडाचं सांगताना मात्र तो स्वतःच्या घशातून बोलायचा. तेवढ्यात हे बोट वर करायचे.

"थांब. हा आवाज लक्षात ठेव. पिंजऱ्यात तुला प्रश्न विचारतील, तेव्हा लगेच बोलू नकोस. हा आवाज येईपर्यंत थांब. मग काय बोलायचं ते तुझं तू बोल."

आंबिवलीकडच्या रानातला एक गडी दरोड्यात गोवला गेला होता. कशालाही 'व्हय' म्हणायचा. यांनी सकाळी त्याच्यासमोर मांडी घातली आणि गंभीरपणे विचारलं, "तू हत्ती गिळलास का?"

"व्हय जी."

"तू जज्जसाहेबाचा मामा का?"

"व्हय जी."

"हा कल्याणचा वकील तुझ्या पोटी जन्मला का?"

गड्यानं माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "व्हय जी," तो म्हणाला, पण जरा नाखुशीनं.

मी चिडलो. हे मात्र उठले नाहीत. रोज जाऊन त्याला असले प्रश्न विचारत राहिले, आणि एक दिवस त्याला म्हणाले, "तू सगळ्याला व्हय का म्हणतोस रे?" तो गडी खाली बघत म्हणाला, "नाय म्हनला का मारतात. व्हय म्हनला का थांबतात." पुन्हा एकदा हत्तीचा प्रश्न झाला तेव्हा तो हळूच हसला आणि म्हणाला, "नाय गिळला." आमच्या वकीलसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे कोर्टात त्यानं चौकशी मागितली ती ठीक, पण एकदा नकार जिभेवर बसल्यावर तो आवरेना. शिरस्तेदारांनी नाव, गाव, बापाचं नाव विचारलं, त्या सगळ्याला 'नाय' म्हणून मोकळा झाला. साहेबसुद्धा हसला. पुरावा काही नव्हताच, गडी सुटला.

इतकं करून हा माणूस वकील म्हणून म्हणाल तर अगदी कुचकामाचा. उलटतपासणीला उभे राहिले की पहिल्या दोन प्रश्नांनंतर नजर खिडकीबाहेर जायची आणि साक्षीदार वाट बघत ताटकळायचा. एकदा तर भर भाषणात थांबून त्यांनी साहेबाला सांगितलं, "वारा फिरला." म्हणून आमचं ठरून गेलं होतं. कैद्याचं उत्तर होईपर्यंत ते उभे राहायचे, उत्तर झालं की ते बसायचे आणि मी उठायचो. मी त्यांना म्हणायचो, तुम्ही नुसते नांदी म्हणणारे, नाटक सगळं माझ्या गळ्यात. ते विचार करून म्हणायचे, "खरं आहे."

बाळकुमच्या तांडेलाचा खटला आला तेव्हा मात्र नांदीवरच सगळं येऊन अडलं.

बाळकुम ठाण्याला लागूनच, खाडीकाठचं गाव. हा तांडेल तिथला, मिठाच्या होडीचा म्होरक्या. त्याच्या होडीवर एका विधवेचा एकुलता एक मुलगा कामाला होता. तो मुलगा होडी सोडून मुंबईला गिरणीत जायचं म्हणत होता, त्यावरून धक्क्यावर दोघांची कडाक्याची बाचाबाची झाली आणि तांडेल सगळ्यांदेखत ओरडला, "तुला खाडीत घालीन." दुसऱ्याच दिवशी खाडीत वारा अचानक फिरला, शिडाची आडवी काठी गरकन वळली, मुलाच्या डोक्यात बसली आणि तो पाण्यात गेला. तांडेलानं उडी टाकून त्याला वर काढलं, पण त्यात जीव नव्हता. होडीवरच्या दोघा खलाशांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता त्या वस्तीची एक रीत होती. होडीवरचा माणूस गेला की तांडेलानं तसंच ओलेत्यानं जाऊन त्याच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "हे मरण माझं." घरच्या बाईनं त्याला पाणी द्यायचं. ते पाणी तो प्यायला की मरण खाडीचं झालं, तोवर ते तांडेलाचं. त्याप्रमाणे तो दारात जाऊन उभा राहिला आणि बोलला. त्याच वेळी देशावरून नवीन बदलून आलेला एक फौजदार गावात होता. आदल्या दिवशीचं भांडण त्याला लोकांकडून कळलं होतं, आणि हे तर त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. आईनं उठून पाणी आणायच्या आत त्यानं तांडेलाला धरून नेलं. गावकरी समजावत राहिले. तो म्हणाला, काय ते कोर्टात सांगा. आणि माजिस्ट्रेटासमोर तांडेलानं तेच पुन्हा सांगितलं, "मरण माझं आहे." खुनाचा आरोप ठेवून त्याला सेशनला पाठवलं.

त्या वेळचा जज्जसाहेब कबूल म्हणणाऱ्यावर खूश असे. कबुली घेऊन झटपट निकाल लावायची त्याला हौस. तांडेल पिंजऱ्यात कबूल म्हणाला असता, तर त्या दोघा खलाशांना कोणी काही विचारलंच नसतं, आणि माणूस फासावर नाहीतर काळ्या पाण्यावर गेला असता.

तुरुंगात आम्ही त्याच्यासमोर बसलो. मोठ्या हाडाचा, शांत माणूस. स्वप्न काय पडलं म्हणून विचारताच म्हणाला, "पडत नाय." झाडाचं विचारलं, दाराचं विचारलं, सगळ्याची उत्तरं नीट दिली. आवाज पहिल्यापासून त्याचा स्वतःचाच होता. यांची सगळी विद्या तिथेच संपली.

"चौकशी माग," मी म्हणालो. "तू काही केलं नाहीस. एवढं एक वाक्य बोल, बाकी मी बघतो."

"चौकशी मागू म्हंजे? त्या मरन दुसऱ्याचे गल्यान बांधू?" तो म्हणाला. "मी दारान उभा ऱ्हावून बोललोय. आयेनं मना पानी दिला नाय अजून. पानी दिला नाय तवर मरन माझाच. हितं येगला बोललो तं उद्या माझे होरीवं कोन पाय ठेवल? आन त्या आयेला मी काय तोंड दाखवू?"

मी डोकं धरलं. बाहेर आल्यावर यांना म्हणालो, "हा माणूस जीव देणार एका तांब्याभर पाण्यापायी." ते खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तर मग पाणी आणायला हवं."

बाळकुमला आम्ही गेलो. मुलाची आई दारात जाळं सोडवत बसली होती. तिचं दुःख नवं होतं आणि चेहरा अगदी कोरडा होता. आम्ही कोण, कशाला आलो, हे शेजारच्या एका म्हाताऱ्यानं तिला सांगितलं. तुरुंगात थोडं पाणी पाठवशील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पानी दारान देतात. आन मी पानी दिला का माझा पोरगा मेला. नाय दिला तवर तो नुसता खाडीवं गेलाय." एवढं बोलून ती पुन्हा जाळ्यात मान घालून बसली. म्हातारा म्हणाला, तांडेल स्वतः येऊ शकत नसेल तर त्याच्या घरचा पुरुष उभा राहिला तरी रीत होते. पण तांडेलाला भाऊ नव्हता, आणि घरात सगळ्या मुलीच.

हे बराच वेळ थांबले. मग पागोटं माझ्या हातात दिलं, उपरणं दिलं, आणि धोतरासकट सरळ खाडीत उतरले. गळ्याइतक्या पाण्यात जाऊन परत आले आणि निथळत त्या बाईच्या दारात उभे राहिले.

"अहो, हे काय चालवलंय?" मी ओरडलो.

"त्याचं वकीलपत्र माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "कोर्टात त्याच्या जागी उभा राहतो, मग इथे का नाही?"

पुढे ते रोज दुपारी जाऊ लागले. कोर्टातून उठायचं, बाळकुमचा रस्ता धरायचा, खाडीत बुडी मारायची आणि त्या दारात उभं राहायचं. कपडे अंगावर वाळून मिठानं कडक व्हायचे. बाई आत-बाहेर करायची, जाळं विणायची, तांदूळ पाखडायची, यांच्याकडे बघायचीही नाही. हे नुसते उभे. मी काही वेळा सोबत गेलो, छत्री उघडून लांब झाडाखाली बसलो. आज ती दुपार आठवते ती अशीच: ऊन, खाडीवरून येणारा खारट वारा, कुठे माणसाचा आवाज नाही, आणि तो किडकिडीत माणूस डोळे मिटून उभा. तो झोपेत उभा आहे की त्याच्या स्वप्नात आम्ही सगळे बसलो आहोत, हे मला कळेनासं व्हायचं. नौपाड्यात आणि कोर्टात लोक हसत होते. मीही यांना घोडा, बगळा, काय वाटेल ते म्हणून घेतलं, आणि तरी जात राहिलो. मला त्यांची काळजी वाटत होती. आरोप वाचायचा दिवस जवळ येत होता.

त्याच्या आदल्या दुपारी बाई उठली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी बामन नं? आमचे दारान कनाला उभं ऱ्हाता?"

ते थांबले. मग म्हणाले, "तो येऊ शकत नाही म्हणून." आणि जरा वेळानं, "मुलगा कसा होता तुमचा?"

असं तिला कोणी विचारलं नव्हतं. जो तो येऊन, मुलगा कसा गेला, एवढंच विचारत होता. ती उंबऱ्यावर बसली आणि सांगायला लागली. त्याला भात करपलेला आवडायचा. तो होडीवरून येताना लांबूनच शीळ घालायचा, चूल पेटव म्हणून. गिरणीत जाऊन आपल्यासाठी लुगडं आणीन म्हणायचा. लहानपणी तो तापानं फणफणला तेव्हा याच तांडेलानं त्याला खांद्यावर घालून ठाण्याच्या वैद्याकडे धावत नेलं होतं. हे सांगताना ती थांबली. ऊन उतरलं तरी ती सांगत होती, हे उभ्यानंच ऐकत होते. शेवटी ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. दारात आल्यावर ती मोठ्यानं रडली, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा.

गाव गोळा झालं होतं. ब्राह्मणानं कोळ्याच्या घरचं पाणी पिणं म्हणजे त्या काळी काय होतं, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "वकीलसाहेब, नुसता हात लावा. चालल आमाला." मीही डोळ्यांनी खुणा करत होतो. जेवलात का या प्रश्नाला थांबणारा हा माणूस, तिथे एक क्षणही थांबला नाही. ओंजळ पुढे केली, तिनं धार धरली, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत ते प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरुंगात त्यांनी तांडेलाला एवढंच सांगितलं, "पाणी मिळालं. तिच्या हातचं." तांडेलानं विचारलं, "पिलाव?" ते म्हणाले, "सगळं." पिंजऱ्यात शिरस्तेदारांनी प्रश्न विचारला. तांडेल थांबला. साहेबानं मान वर केली. मग तो स्वतःच्या त्या संथ आवाजात म्हणाला, "चौकशी करा." हे खाली बसले आणि मी उठलो. खलाशांनी जे पाहिलं ते सांगितलं, म्हाताऱ्यानं गावची रीत आणि पाण्याची हकीकत सांगितली, साहेबाला सल्ला द्यायला बसलेल्या दोन्ही असेसरांनी निर्दोष म्हटलं, आणि साहेबानं तांडेलाला सोडून दिलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं भाषण होतं. यांनी त्यातला शब्दही ऐकला नसावा.

पण कोर्टातली गोष्ट नौपाड्यात पोचायला कितीसा वेळ लागणार? आळीत ग्रामण्य उभं राहिलं, वाळीत टाकायची भाषा सुरू झाली. देवळाच्या ओवरीत शास्त्रीबुवा आणि चार वडीलधारी मंडळी बसली आणि यांना बोलावणं आलं. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. मंडळी काही वाईट नव्हती. आपल्या आळीतला माणूस बाहेर जाऊ नये असंच त्यांना वाटत होतं.

"उन्हात उभे होता," शास्त्रीबुवा म्हणाले, "भोवळ आली, शुद्ध नव्हती, असं म्हणा. संपलं."

"शुद्ध होती," हे म्हणाले.

"बरं. मग प्यालात हे कबूल?"

ते थांबले. इतके थांबले की ओवरीतल्या पारव्यांचं घुमणं ऐकू यायला लागलं. मी मनात म्हणत होतो, चौकशी मागा, अहो, काहीही मागा.

"प्यालो हे कबूल."

"तर मग प्रायश्चित्त घ्या. सगळं सोपं आहे. पंचगव्य घेतलंत की कालच्यासारखे आमच्या पंक्तीला."

"ते घेता येत नाही, शास्त्रीबुवा. प्रायश्चित्त घेतलं म्हणजे ते पाणी पाप ठरलं. त्या पाण्यावर तो माणूस सुटलाय. पाणी खोटं पडलं की मरण पुन्हा त्याच्या अंगावर जाईल. कोर्ट नाही विचारणार, पण बाळकुम विचारील."

मंडळींनी पुष्कळ समजावलं. शेवटी त्यांनीही आपला निकाल सांगितला. पंक्ती बंद, भिक्षुक बंद, आणि आळीच्या विहिरीवर त्या घराचा हंडा-कळशी बंद.

विहिरीवर वकीलसाहेब काही जात नव्हते. जात होती त्यांची बायको. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओसरीवर गेलो तेव्हा ती रिकामी घागर पुढ्यात घेऊन दारात बसली होती. एरवी परपुरुषासमोर पदर सावरून आत जाणारी बाई, त्या दिवशी हलली नाही. नवऱ्याकडे बघत ती म्हणाली, "तुरुंगातल्या चोरालासुद्धा विचारतात, तुला कबूल आहे का म्हणून. तुम्ही पाणी प्यालात, तुम्ही कबूल म्हणालात, आणि शिक्षा मला झाली. मला कोणी विचारलं?"

त्यांनी डोळे मिटले नाहीत. सुपारी हलली नाही. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "नाही विचारलं," ते म्हणाले. "माझं चुकलं." आळीतून बायका भरल्या घागरी घेऊन जात होत्या आणि या घरासमोर आल्या की पलीकडच्या कडेनं चालत होत्या.

ऊन वर आलं तेव्हा आळीच्या तोंडाशी गलका झाला. बाळकुमची ती बाई डोक्यावर हंडा घेऊन येत होती. मागून तांडेल, त्याच्याही खांद्यावर घागर. नौपाड्यातल्या कुठल्याच विहिरीला हात लावायची त्यांना सोय नव्हती, म्हणून गावातून एवढ्या लांब पाणी वाहून आणलं होतं. बाईचं लुगडं खांद्यापर्यंत भिजलं होतं. ती पायरीखाली थांबली. ओसरीवर चढली नाही.

"हीर बंद केली म्हनं तुमची," ती म्हणाली. "चालल का तुमाला?"

तिनं विचारलं ते वकीलसाहेबांना. त्यांनी मान हलवली आणि बायकोकडे पाहिलं. "मी सांगणार नाही," ते म्हणाले. "हिला विचारा."

बाईनं मान न हलवता, डोक्यावरचा हंडा सांभाळत, पुन्हा तेच विचारलं. या वेळी तिच्याकडे बघून.

आळीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. वकीलसाहेबांची बायको उठली, दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, आणि थांबली. हा थांबण्याचा रोग मी उभा जन्म शिव्या देत सोसला होता. त्या सकाळी मात्र मी श्वास रोखून म्हणत होतो की हिला कोणी घाई करू नये, लागेल तेवढा वेळ लागू दे. कोणी केली नाही. हंड्यातलं पाणी काठावरून ओघळून त्या बाईच्या कपाळावर येत होतं.

मग ती पायऱ्या उतरून खाली गेली, दोन्ही हात वर करून तो हंडा तिच्या डोक्यावरून स्वतः उतरवून घेतला, आणि म्हणाली, "इथे ओसरीवर नको बाई. स्वयंपाकघरात ठेवू. चल, तूही आत ये."